दार अडवण्याचा दंड वीस रुपये

१८९० सालच्या भारतीय रेल्वे कायद्यात १०९ क्रमांकाचं एक कलम होतं. त्याच्या दुसऱ्या पोटकलमाचा आशय असा : डब्यावर जितक्या माणसांचा आकडा लिहिलेला आहे तितकी माणसं आत नसताना एखादा प्रवासी दुसऱ्याला आत येऊ देत नसेल, तर त्याला वीस रुपयांपर्यंत दंड. १९८९ साली नवा रेल्वे कायदा आला. त्यात हीच गोष्ट १५५व्या कलमात गेली आणि दंड दोनशे रुपयांपर्यंत वाढला. शंभर वर्षांत दहापट. तांदूळ, रॉकेल, सायकलची ट्यूब, कशाशीही ताडून पाहा. आडमुठेपणा आपल्याकडे उलट स्वस्तच होत गेलेला दिसेल.

मला हे कलम आवडतं. ज्या साहेबांनी ते लिहिलं, त्यांना तिसऱ्या वर्गाच्या डब्यात कधी पाऊल ठेवावं लागलं नसणार. तरीही दारात आडवा हात धरून ‘जागा नाही, पुढं जा’ म्हणणारा माणूस त्यांना दिसला होता. इतका नेमका दिसला होता, की त्याच्यासाठी स्वतंत्र पोटकलम करावं लागलं.

मी अल्पबचतीचे हप्ते गोळा करायचो. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या पट्ट्यातली गावं स्टेशनपासून सात-आठ, कधी बारा किलोमीटर आत. गाडीनं स्टेशनपर्यंत पोचलं तरी पुढं सायकल नसेल तर त्या पोचण्याला काही अर्थ नसे. त्यामुळे वीसेक वर्षं मी आणि माझी सायकल बरोबरच गाडीत चढत होतो, आणि दारातल्या त्या माणसाशी माझी चांगली ओळख झाली. एकदा एकाला मी हे १५५वं कलम ऐकवलंसुद्धा. तो शांतपणे म्हणाला, “तुम्ही या ना आत. तुम्हाले कोन अडवलं? सायकल पॅसिंजर हाय का?”

कायद्याच्या दृष्टीनं त्याचं म्हणणं चूक नव्हतं. माणसाच्या प्रवेशाचा प्रश्न १८९० साली सुटला होता, सायकलीचा नव्हता. इंग्लंडमध्ये त्याच दशकात सायकलींचं वेड शिगेला पोचलं होतं आणि तिथल्या रेल्वे कंपन्या त्या दुचाक्यांनी हैराण झाल्या होत्या. एका सायकलवाल्यानं ग्रेट नॉर्दर्न रेल्वेला न्यायालयात खेचलं. प्रवाशाला ठरावीक सामान मोफत नेता येतं, मग सायकल त्यात का नको, असा वाद. १८९९ साली निकाल लागला, की सायकल म्हणजे ‘साधं सामान’ नव्हे. ब्रिटन नावाच्या त्या फिर्यादीचा खटला अजूनही कायद्याच्या पुस्तकांत सापडतो.

आपल्याकडचा नियम त्याच वळणाचा आहे. दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला पस्तीस किलोपर्यंत सामान मोफत, पण सायकल-स्कूटरला ती सवलत नाही. डब्यात न्यायची पेटी शंभर बाय साठ बाय पंचवीस सेंटिमीटरच्या आत हवी. त्या मापात सायकलचं एक चाकसुद्धा बसत नाही. तिची जागा ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डाच्या डब्यात. आधी वजन, मग पैसे, मग पावती. पावती नसेल तर सामानाची जबाबदारी रेल्वेवर नाही, हेही जुनंच कलम. सगळं रीतसर आहे. फक्त एवढंच, की हे करायला स्टेशनवर लगेज लिहून घेणारा बाबू लागतो आणि गाडीला थांबायला वेळ लागतो. जंगलातल्या हॉल्टवर बाबू नसतो आणि गाडी एक मिनिट थांबते. त्या एका मिनिटात सायकलवाला समोर येईल त्या दाराशी धावतो. तिथं तो माणूस उभाच असतो. मग जे होतं त्याला आपण ‘लोकांना रीत राहिली नाही’ असं म्हणतो.

रीत पूर्वी होती, असं मानायलाही फारसा आधार नाही. गांधीजींनी सप्टेंबर १९१७मध्ये रांचीहून वर्तमानपत्रांना एक पत्र लिहिलं, त्यात मुंबई ते मद्रास या तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाचं वर्णन आहे. डब्यावर पाटी बावीस माणसांची. रायचूरला गर्दी अशी उसळली, की डब्यातल्या लढवय्यांनाही ती थोपवेना, असं ते सांगतात. म्हणजे दारावर लढणारी फळी तेव्हाही होती आणि तिचं काम सहप्रवाशांना मान्य होतं. थुंकणं, आरडाओरडा, शिवीगाळ, सगळ्याची नोंद त्यांनी केली आहे. पण ठपका एकट्या प्रवाशांवर ठेवलेला नाही. डबा अख्ख्या प्रवासात एकदाही झाडला गेला नाही, हेही त्याच पत्रात आहे. मोठ्या पदांवरच्या लोकांनी अधूनमधून तिसऱ्या वर्गानं जाऊन पाहावं, असं त्यांनी सुचवलं होतं. १९७४ साली तिसरा वर्ग कागदावरून गेला, त्याला दुसरा म्हणू लागले. ती सूचना मात्र अजून तिसऱ्या वर्गातच बसून आहे.

आता झाडीपट्टीकडे येतो. बंगाल नागपूर रेल्वेनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या भागात अरुंद रूळ टाकले. गोंदियाहून वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल करत चांदा फोर्टपर्यंत एक फाटा, आणि नागभीडहून भिवापूर, उमरेडमार्गे नागपूरच्या इतवारीला दुसरा. दोन रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. मोठ्या माणसाची काळी सायकल त्या रुळांवर आडवी टाकली तर दोन्ही बाजूंना भरपूर बाहेर येईल, इतकी ती गाडी लहान. गोंदिया-चांदा फोर्ट मार्ग नव्वदच्या दशकात रुंद झाला. नागभीड-इतवारीची छोटी गाडी मात्र नोव्हेंबर २०१९पर्यंत चालली. शंभरेक किलोमीटरला चार-पाच तास घ्यायची.

त्या चार-पाच तासांतच सायकलीची सोय होती. गाडी सुटताना अंग झाडून, शिटी वाजवून, जरा विचार करून सुटायची. तेवढ्या वेळात गार्डाशी बोलता यायचं. गार्ड नेहमीचा, आपणही नेहमीचे. कधी रीतसर लगेज तिकीट फाडलं जायचं, कधी तो नुसताच मागं बोट दाखवायचा. ब्रेकव्हॅनमध्ये भाजीच्या पाट्या, मिरचीची पोती, कोंबड्यांचा खुराडा आणि दोन-तीन सायकली. गार्डाला जागा नसली की लोक खिडकीच्या गजांना दोरीनं सायकल बाहेरून बांधत. ते बेकायदा आणि धोक्याचं होतं, त्याची भलामण करत नाही. पण त्या डब्यात सायकलवरून हातघाई झालेली मला आठवत नाही. शेतावर, बाजाराला, सासरी, ज्याच्या त्याच्या घरी सायकल होती आणि परतीच्या गाडीला ती आपल्यालाही चढवायची आहे, हे दारात उभ्या असलेल्याला ठाऊक असायचं.

एसटीचं तर त्याहून सोपं. मागच्या शिडीनं सायकल टपावर चढवायची, कंडक्टरकडून लगेज तिकीट घ्यायचं. टपावर कोणाचं काय अडतं? पुढं टपावरचे कठडे आणि शिड्या गेल्या, आणि सायकल एसटीतूनही उतरली.

रूळ रुंद झाले तसा वेग आला, बल्लारशाहपर्यंत सरळ गाड्या आल्या. चांगलंच झालं. गोंदिया ते चांदा फोर्ट अर्धा दिवस खाणारी गाडी कोणाला हवी होती? पण डब्यात माणसं वेगळी आली. रोजचे अपडाऊनवाले आले. मास्तर, तलाठी, बँकेतले कारकून. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, चौघांत एक पेपर आणि पत्त्यांचा डाव. त्यांच्याकडे मोटारसायकली होत्या, त्या स्टेशनच्या स्टँडवर लावलेल्या असत. गाडीत सायकल चढवणारा आता फक्त तोच उरला, ज्याच्याकडे दुसरं काही नव्हतं : तेंदूपत्त्याच्या हंगामाला निघालेला, रोवण्याच्या मजुरीला जाणारा, वडशाला उतरून आत कुरखेड्याकडे जाणारा गोंड माणूस. वडसा हे कितीतरी वर्षं अख्ख्या गडचिरोली जिल्ह्याचं एकुलतं एक स्टेशन. १९८२ साली जिल्हा झाला, तेव्हा त्याच्या दक्षिण टोकाच्या सिरोंच्याला जिल्ह्यातलं हे स्टेशन दोनशे किलोमीटरांहून लांब होतं. अशा मुलखात रेल्वे आणि सायकल एकमेकींवाचून निम्म्याच.

इथं मला जे दिसत आलं ते सांगितलं पाहिजे. उद्धटपणा सायकलीला नव्हताच. माझ्या अंगात इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग. मला म्हणायचे, “काका, सायकल जरा बाजूले घेता का?” माझ्यामागून तसलीच सायकल, कदाचित माझ्यापेक्षा पुसलेली, घेऊन चढणाऱ्याला त्याच तोंडानं, “कायले आनला बे सायकल डब्यात? मालगाडी समजला का?” आणि मग हळूच, हसत, ‘जंगली’. तो माणूस उलटून काही बोलत नसे. सायकल दाराशी धरून, अंग चोरून दोन तास उभा राही, आणि त्याच्या मागची बाई ओच्यातली शिदोरी सांभाळत खाली बसे. रेल्वे कायद्याचं १४५वं कलम डब्यात शिवीगाळ करणाऱ्याला लागतं. १९८९ हे अत्याचार प्रतिबंधक कायद्याचंही साल. दोन्ही कायदे एकाच वर्षाचे, पण त्यांचं नाव त्या दाराशी काढलेलं मी कधी ऐकलं नाही. तक्रार करायला पुढच्या मोठ्या स्टेशनवर उतरायचं, म्हणजे गाडी सोडायची आणि दिवसाची मजुरीही.

कायद्यापेक्षा उपयोगी पडायच्या त्या युक्त्या, आणि त्या मी याच लोकांकडून शिकलो. चढायच्या आधी पान्यानं हँडलचा नट सैल करून ते सायकलीला समांतर वळवून घ्यायचं. निम्मी अडचण तिथंच संपते. चेनवर पोत्याचा तुकडा गुंडाळायचा, कारण काळं ग्रीस लुगड्याला लागलं तर होणारं भांडण न्याय्यच असतं. शेवटच्या डब्याकडे जायचं. आणि समोरच्याच्या तोंडून ‘बे’ निघायच्या आत आपण ‘मामा’ म्हणून टाकायचं : “मामा, पुढच्याच टेसनावर उतरतो.” मामा म्हटल्यावर लगेच शिवी देणं आमच्याकडे जरा जड जातं. पुढचं टेसन गेल्यावर तो विचारतो, “का गा, उतरला नाहीस?” तोवर त्याचा राग उतरलेला असतो.

सगळ्यांत हुकमी उपाय कॅरिअरचा. संडासासमोरच्या मोकळ्या जागेत सायकल स्टँडवर लावायची आणि उभ्या असलेल्यांतल्या एखाद्या थकल्या माणसाला म्हणायचं, “बसा ना कॅरिअरवर.” एकदा तो बसला की सायकल त्याची. पुढच्या स्टेशनला कोणी ‘ही सायकल कोणाची बे’ म्हणून ओरडलं की भांडायला तोच उठतो. एकदा सिंदेवाहीच्या अलीकडे, चढताना मला सगळ्यांत जास्त बोलला होता तोच गृहस्थ कॅरिअरवर बसून दुसऱ्या सायकलवाल्याला आत यायला जागा करून देत होता. “येऊ द्या हो, तेबी मानूसच हाय.” मी पलीकडे उभा होतो, काही बोललो नाही. आपली बसायची जागा टिकली की माणूस बराच उदार होतो.

पण युक्त्या म्हणजे सोय नव्हे. आता या मार्गावर मेमू गाड्या आल्या आहेत. दारं रुंद, उभं राहायला जागा जास्त, त्यामुळे सायकल चढवायला त्या जुन्या डब्यांपेक्षा बऱ्या. पण मागं तो जुना ब्रेकव्हॅन नाही. गार्डालाही २०२२पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात. पूर्वी निदान नियमात लिहिलेली एक जागा होती, ती गाडीला मागून जोडलेली दिसायची. आता नियम तोच आहे, पण या गाडीत त्याला पाय ठेवायला जागा नाही. सायकल डब्यात आणली की तो गुन्हा, आणि न आणावी तर दुसरीकडे कुठं ठेवणार?

आणि हे अशक्य आहे असंही नाही. नागपूर मेट्रोनं प्रवाशांना सायकल डब्यात आणायला परवानगी दिली आहे. गुळगुळीत फरशी, लिफ्ट, थंडगार डबा, आणि त्यात सायकल धरून उभा माणूस. तिथं त्याला कोणी बे म्हणत नाही. नागभीडच्या छोट्या गाडीच्या जागी मोठे रूळ टाकायचं काम सुरू झालं. वडशाहून गडचिरोलीकडे पन्नासेक किलोमीटरच्या नव्या मार्गाचंही. छोटी गाडी जिथं संपायची त्या इतवारीपासून मेट्रोचं स्टेशन सायकलनं दहा मिनिटांवर आहे. तिथून पुढं सायकल एसीतून जाऊ शकते. नागभीडहून इतवारीपर्यंत ती कशी आणायची, तेवढंच काय ते बाकी आहे.