खाण पाहायला गेलेली माणसे

सावनेरची भुयारी कोळसा खाण मी पर्यटक म्हणून पाहिली. वेस्टर्न कोलफील्ड्स आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ यांनी २०१६ साली तेथे खाण पर्यटन सुरू केले. पोलंडमधील विएलिच्का येथील मिठाची खाण चालू असतानाच शतकानुशतके पाहुणे पाहत आले. आपल्याकडे ही कल्पना नवी. माझ्या वर्गातील बारा मुले बरोबर होती. डोक्यावर टोपी, टोपीवर दिवा, पायांत गमबूट. मोबाईल खाली नेता येत नाही म्हणून मुलांनी वरच एकमेकांचे फोटो काढून घेतले.

खाली छत तोलण्यासाठी कोळशाचेच जाडजूड खांब राखून ठेवलेले असतात. मार्गदर्शकाने गोंडवन काळातील जंगले, थरांची जाडी, हवा खेळवणारे पंखे, सारे नीट सांगितले. एका मुलीने विचारले, "इथे बाया कधीच नव्हत्या का?" तो म्हणाला, "कायद्यानं बंदी होती ना, ताई." उत्तर खरे होते, पण त्यात अर्धा इतिहास गिळला गेला होता.

या देशातील कोळसा बायांनीही भुयारातून वाहिला आहे. नवऱ्याने तोडायचा, बायकोने टोपलीत भरून वाहायचा, अशी जोडीची मजुरी होती. आणि ही जोडपी कोण? बहुतांशी अस्पृश्य आणि आदिवासी. १९२९ च्या नियमांनी बायांना टप्प्याटप्प्याने बाहेर काढायचे ठरले आणि १९३७ मध्ये बंदी पुरी झाली. काळोखातून सुटका झाली हे खरे, पण सुटका झालेल्या घरातील निम्मी मजुरीही गेली. तिची भरपाई कोणी केली?

पुढे महायुद्धात कोळसा कमी पडला. १९४३ च्या ऑगस्टमध्ये ही बंदी उठली, ती आधी आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात, मग बंगाल-बिहारकडे. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. त्यांच्यावर टीका झाली, स्त्रियांच्या संघटनांनीही केली. १९४४ च्या फेब्रुवारीत मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांना उत्तर द्यावे लागले. उपाय तात्पुरता आहे, आणि बाईला पुरुषाच्या बरोबरीचे वेतन मिळेल, अशी त्यांची मांडणी होती. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली.

आपल्या जयंतीच्या भाषणांत हा प्रसंग मी क्वचितच ऐकला आहे. बाबासाहेबांना उणेपणा येईल अशी भीती वाटते की काय? मला वाटते, हा निर्णय अडचणीचा होता असे आपण सरळ म्हणावे. युद्धासाठी कोळसा हवा होता म्हणूनच तो झाला, बायांच्या भल्यासाठी नव्हे. पण समान कामाला समान दाम ही गोष्ट सरकारच्या बाकावरून बोलली गेली, ती याच अडचणीतून. १९४४ च्या जानेवारीत कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला, १९४५ मध्ये खाणीतील बायांच्या बाळंतपणाचा कायदा सुधारला. हे सारे एकाच टेबलावरचे कागद आहेत. त्यातले सोयीचे तेवढे वाचून भागत नाही.

१९४३ च्या डिसेंबरात बाबासाहेब धनबादकडील खाणी पाहायला गेले आणि स्वतः खाली उतरले. तेही पाहुणेच होते. पण त्यांनी मजुरी विचारली, मजुरांची घरे पाहिली. आमच्या सहलीच्या कार्यक्रमात मजुरीचा विषय नव्हता, आणि मीही तो काढला नाही. ही चूक माझी.

ती मला घरी आल्यावर कळली. आमचे घर वणी तालुक्यात. निळजई, उकणी, मुंगोलीच्या उघड्या खाणी याच तालुक्यातल्या. ओबीच्या मातीचे डोंगर आम्ही लहानपणापासून पाहतो. त्यांना तिकीट नाही. माझ्या आईने सायडिंगवर एका ठेकेदाराकडे कोळशातला दगड वेचला. १ मे १९७३ ला खाणी सरकारच्या झाल्या, कायम कामगाराचे दिवस पालटले. ठेक्यावरच्या बाईपर्यंत ते पोचले नाही. तिचा अंगठा कोऱ्या कागदावर घेत. मी एम. ए. झालो तो त्या दगडांवर, आणि इतिहासाच्या एकाही पेपरात मला तो दगड भेटला नाही.

आई म्हणाली, "तिथं बायायची हाजरी होती काय?"

मी सांगितले, २०१९ मध्ये भुयारात तांत्रिक आणि देखरेखीच्या जागांवर बायांना दिवसा काम करायची मुभा मिळाली. तिने देखरेख म्हणजे काय ते विचारले. मी सांगितले. "म्हंजे शिकलेल्यायची," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

पुढच्या वर्षी मुलांना सावनेरला पुन्हा नेईन, ती जागा पाहण्यासारखी आहे. त्याआधी एक दिवस त्यांना वणी-घुग्घुस रस्त्यावर आणायचे आहे. कामावरून परतणाऱ्या बायांना वेळ असेल, तर हाजरी आणि मजुरी विचारायची, आणि त्या सांगतील ते वहीत तारखेसह लिहून घ्यायचे. वह्या मी आणून ठेवल्या आहेत.