भोकं कुठं पाडायची?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या सुताराने प्लायवूडची फळी घोडीवर ठेवली, ड्रिल हातात घेतलं आणि विचारलं, "साहेब, भोकं कुठं पाडायची?" मी भाच्याकडे पाहिलं, भाच्याने माझ्याकडे. उत्तर दोघांकडेही नव्हतं.

आम्ही घरच्या घरी जुन्या पद्धतीचं व्हिडिओ गेमचं यंत्र बनवत होतो. १९९० च्या दशकात आपल्या शहरांतल्या पार्लरमध्ये टोकन टाकून, उभ्याने खेळायचं असे ना, तसलं उंच लाकडी कपाट. जुना संगणक आणला, पडदा बसवला. राहिली होती ती फक्त पुढची उतरती फळी. एक जॉयस्टिक आणि सहा बटणं. भाचा डावखुरा, म्हणून प्रश्न पडला की जॉयस्टिक कोणत्या हाताला ठेवायची? वाटलं, तासाभराचं काम आहे. पण माहिती काढत गेलो तसं लक्षात आलं, की त्या फळीवरच्या एकेका भोकामागे इतिहास आहे.

तो सुरू होतो १९७१ मध्ये, अमेरिकेत. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी 'कॉम्प्युटर स्पेस' नावाचं यंत्र बाजारात आणलं. नाणं टाकून खेळायच्या पहिल्या व्हिडिओ गेमपैकी हा एक. यान डावीकडे वळवायला एक बटण, उजवीकडे वळवायला दुसरं, पुढे रेटायला तिसरं, गोळी झाडायला चौथं. अभियंत्यांना मजा वाटली, पण बारमध्ये चार घटका करमणुकीला आलेला माणूस सूचना वाचूनच गांगरला. खेळ फारसा चालला नाही.

पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये या दोघांच्या नव्या अटारी कंपनीने 'पाँग' आणला. तो बनवला ॲलन ॲल्कॉर्न या तरुण अभियंत्याने. प्रत्येक खेळाडूला एक गोल फिरकी, बस्स! कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावात एका बारमध्ये पहिलं यंत्र ठेवलं. काही दिवसांत ते बंद पडल्याची तक्रार आली. ॲल्कॉर्नने जाऊन उघडलं, तर नाण्यांचा डबा शिगोशीग भरून वर वाहत होता! पडद्यावरची करामत कितीही मोठी असो, हाताला ती समजली नाही तर व्यर्थ, हा धडा या धंद्याला पहिल्याच दोन वर्षांत मिळाला.

त्यानंतर प्रत्येक खेळाने आपापली फळी मांडली. अटारीच्या 'ॲस्टेरॉइड्स'ला (१९७९) जॉयस्टिकच नव्हती, नुसती पाच बटणं. 'मिसाइल कमांड'ला (१९८०) तळव्याने फिरवायचा चेंडू. जपानच्या नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी केलेल्या 'पॅक-मॅन'ला (१९८०) एकही बटण नाही. मधोमध एक जॉयस्टिक, तीही फक्त वर-खाली-डावी-उजवी अशा चारच दिशांना जाणारी. ज्याने त्याने आपल्या सोयीच्या हाताने धरावी. डावखुऱ्याला तिथे काहीच अडचण नव्हती.

सर्वांत हृद्य कथा 'रोबोट्रॉन'ची. अमेरिकेतल्या विल्यम्स कंपनीचा यूजीन जार्व्हिस याने त्याआधी 'डिफेंडर' हा खेळ केला होता. एक जॉयस्टिक, पाच बटणं आणि घाम फोडणारी अवघड मांडणी. पुढे मोटार अपघातात त्याच्या उजव्या हाताला इजा झाली. प्लास्टरमधल्या हाताने बटणं दाबणार कशी? पण काठी ढकलता येत होती. त्यातून १९८२ मध्ये दोन जॉयस्टिकचा खेळ आला. डावीने चालायचं, उजवीने गोळ्या झाडायच्या. बटण फक्त खेळ सुरू करण्यापुरतं. एका जायबंदी हातातून निघालेली ती मांडणी आजच्या खेळांतही टिकून आहे.

मग जॉयस्टिक डाव्या हाताला कायमची कधी गेली? अटारीच्या १९७७ च्या घरगुती यंत्रात उलटंच होतं. काठी उजव्या हातात, बटण डाव्या अंगठ्याखाली. पण पार्लरमधल्या खेळांत झटपट दाबायची बटणं वाढत गेली आणि उजवा हात त्यांत गुंतला. शिगेरू मियामोतो यांच्या 'डाँकी काँग'मध्ये (१९८१) जॉयस्टिक डावीकडे आणि उडीचं बटण उजवीकडे होतं. १९८३ मध्ये निंटेंडोच्या घरगुती यंत्रानेही दिशांची कळ डाव्या अंगठ्याखाली ठेवली. एक पिढी त्याच सवयीत वाढली.

सहा बटणांचा किस्सा गमतीचा आहे. कॅपकॉम कंपनीच्या पहिल्या 'स्ट्रीट फायटर'मध्ये (१९८७) काही यंत्रांना रबरी गाद्या होत्या. जितक्या जोरात ठोसा माराल, तितका पडद्यावरचा ठोसा जोरदार. पोरांनी इतक्या जोरात ठोकायला सुरुवात केली, की हातही दुखले आणि यंत्रंही. मग एका गादीच्या जागी तीन बटणं आली. हलका, मध्यम, जोरदार. ठोशांची तीन, लाथांची तीन. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २' ने ही मांडणी जगभर पोचवली. अडचण एवढीच, की जपानी उत्पादकांच्या संघटनेने १९८५ मध्ये ठरवलेल्या 'जामा' या ५६ टोकांच्या जोडणीत प्रत्येक खेळाडूला तीनच बटणांची सोय होती. लाथांच्या बटणांसाठी वेगळी तार ओढावी लागली!

ही यंत्रं हळूहळू भंगारात गेली. फेब्रुवारी १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन तरुणाने 'मेम' ही संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. तिच्यामुळे हजारो जुने खेळ साध्या संगणकावर जिवंत राहिले. पण कशावर खेळायचे? कीबोर्डवर! तिथे बाणांच्या कळा उजव्या हाताखाली, गोळीचं बटण डावीकडच्या कंट्रोलवर. शिवाय साध्या कीबोर्डवर तीन-चार कळा एकदम दाबल्या, की एखादी नोंदलीच जात नाही. खेळ वाचला, पण तो हाताला कसा लागायचा ते हरवलं. म्हणूनच जगभर लोक घरी फळ्या कापू लागले.

तिथेच मोठा मोह असतो. सगळे खेळ हवेत, म्हणून काही जण एकाच फळीवर चार जॉयस्टिक, चेंडू, फिरकी आणि वीस-पंचवीस बटणं बसवतात. दिसतं विमानाच्या कॉकपिटसारखं आणि हात कुठं ठेवावा तेच कळत नाही. आठ दिशांच्या काठीवर 'पॅक-मॅन' खेळलात, तर वळणावर ती तिरकी जाते, दोन दिशा एकदम दाबल्या जातात आणि भूत गाठतं. तेव्हा आधी ठरवायचं, की यंत्र कोणत्या खेळांसाठी आणि कोणत्या हातांसाठी.

आम्ही तेच केलं. पुठ्ठ्यावर भाच्याचा पंजा सैल ठेवून बोटांची टोकं पेन्सिलीने गिरवली. बटणांची ओळ सरळ न येता कमानीसारखी आली. मधलं बोट लांब, करंगळी आखूड, दुसरं काय होणार! काठी अशी घेतली, की खालची पट्टी फिरवली तर ती चारच दिशांना जाते. पण डावं की उजवं, हा प्रश्न उरलाच. मला काठी डावीकडे हवी होती, त्याला उजवीकडे.

आमचा वाद ऐकत सुतार तंबाखू मळत बसला होता. त्याने पुठ्ठा उचलला, आडवा पालथा केला आणि परत फळीवर ठेवला. काठीचं भोक उजवीकडे, बटणांची कमान डावीकडे. "भोकं आरपारच असणार ना, साहेब? दोन्ही बाजूंना सनमायका लावतो. हा खेळेल तेव्हा फळी उलटी करून बसवा."

त्या दुपारी भोकं पडली. आता घरात पाहुणे आले, की फळी कोणत्या बाजूने आहे, ते आधी पाहावं लागतं. बहुतेक वेळा ती भाच्याच्या बाजूने असते.