पत्ता कोणाला विचारावा?

परगावी उतरलेला माणूस प्रथम कोणाला तरी पत्ता विचारतो. ज्याला विचारले तो जाणता व सरळ असेल तर आपण ठिकाणावर पोहोचतो. तो अडाणी असेल तर वेळ जातो आणि लबाड असेल तर खिसा जातो. इंटरनेटवर आपण दिवसातून शेकडो वेळा असा पत्ता विचारत असतो; मात्र विचारतो कोणाला, हे बहुतेकांच्या ध्यानीही नसते. या अदृश्य वाटाड्याचा इतिहास आज आपणांपुढे थोडक्यात ठेवावयाचा आहे.

संगणक एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, आकड्यांनी ओळखतात. माणसाला मात्र आकडे पाठ राहत नाहीत, नावे राहतात. अमेरिकेतील अर्पानेट हे संगणकांचे जाळे १९६९ साली सुरू झाले, तेव्हापासूनच ही अडचण उभी होती. त्यावर तोडगा साधा होता. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सर्व संगणकांची नावे व त्यांचे आकडे यांची एकच यादी ठेवलेली असे. एलिझाबेथ फाइनलर ही विदुषी त्या कचेरीची प्रमुख होती. नवे नाव नोंदवावयाचे तर तिच्या कचेरीला कळवावे आणि बाकीच्यांनी त्या यादीची ताजी प्रत उतरवून घ्यावी, असा परिपाठ होता. गाव लहान होते तोवर एका कुळकर्ण्याच्या दप्तरावर भागले. गावाचे शहर झाले तेव्हा ते दप्तर अपुरे पडू लागले.

१९८३ साली पॉल मॉकापेट्रिस याने नवी रचना मांडली. तिचे नाव डोमेन नेम सिस्टीम, म्हणजेच डीएनएस. तिच्यातील मर्म असे, की सगळी यादी एकाजवळ ठेवू नये. ज्याच्या हद्दीतील नावे त्याने सांभाळावीत. शिखरावर मूळ सेवक असतात. ते फक्त ‘कॉम’ची चौकशी कोठे करावी, ‘इन’ची कोठे करावी, एवढेच सांगतात. तेथून पुढे खालच्या दप्तराकडे जावयाचे व शेवटी नेमका आकडा मिळवावयाचा. ही पायपीट आपल्या वतीने एक मध्यस्थ करतो, आणि मिळालेले उत्तर काही काळ जवळ जपून ठेवतो, म्हणजे दुसऱ्याने तेच विचारले तर पुन्हा हेलपाटा पडत नाही. आज जगभर अब्जावधी लोकांचे काम चालते ते याच रचनेवर.

परंतु श्रोतेहो, हा मध्यस्थ आपण निवडलेला नसतो. ज्या कंपनीकडून आपण इंटरनेटची जोडणी घेतो तीच आपला मध्यस्थ नेमून देते. तो मंद असला तर प्रत्येक पान उघडताना खोळंबा होतो. शिवाय आपण कोठे कोठे जातो याची टिपणी त्याला आपोआप मिळते. आणि तो जे उत्तर देईल ते आपला संगणक निमूटपणे खरे मानतो. उत्तर देणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते, हे २००३ साली दिसून आले. ‘कॉम’ व ‘नेट’ची दप्तरे सांभाळणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीने त्या सप्टेंबरात असे ठरविले, की कोणी चुकीचे, अस्तित्वातच नसलेले नाव विचारले तर ‘असे कोणी नाही’ हे खरे उत्तर देण्याऐवजी त्याला आपल्याच पानावर आणावे. जाणकारांत गदारोळ उठला आणि तीन आठवड्यांच्या आत कंपनीला तो प्रकार थांबवावा लागला.

अशा वातावरणात २००६ साली डेव्हिड युलेविच याने ओपनडीएनएस ही मोफत सेवा काढली. नेमून दिलेला मध्यस्थ सोडून आमच्याकडे या; उत्तर लवकर मिळेल आणि फसव्या ठिकाणांपासून रक्षणही होईल, असे तिचे सांगणे होते. मात्र फुकटालाही किंमत असते. चुकीचे नाव टाकणाऱ्यास हीच सेवा २०१४ पर्यंत जाहिरातींचे पान दाखवीत असे.

रक्षणाचा प्रश्न किती गंभीर आहे ते २००८ साली डॅन कामिन्स्की या तरुण संशोधकाने दाखविले. मध्यस्थाच्या प्रत्येक प्रश्नावर एक खूणक्रमांक असतो आणि उत्तरावर तोच क्रमांक असला की ते खरे मानले जाते. हे क्रमांक एकंदर ६५,५३६. खोट्या उत्तरांचा भडिमार केला तर एखादे नेमके जुळते आणि मध्यस्थाच्या स्मरणात खोटा पत्ता जाऊन बसतो. मग बँकेचे नाव बरोबर लिहूनही ग्राहक चोराच्या दारात उभा राहतो! कामिन्स्कीने ही गोष्ट गुप्त राखून संबंधितांना कळविली आणि ८ जुलै २००८ रोजी अनेक कंपन्यांनी एकाच दिवशी दुरुस्ती प्रसिद्ध केली. ज्याच्या मध्यस्थाने ती बसविण्यात दिरंगाई केली, त्याचे ग्राहक मात्र तितका काळ उघड्यावर राहिले.

३ डिसेंबर २००९ रोजी गूगलने आपली सार्वजनिक सेवा सुरू केली. तिचा पत्ता सहज पाठ व्हावा असा : ८.८.८.८. या आकड्यांना पुढे तुर्कस्तानात निराळाच अर्थ आला. २० मार्च २०१४ रोजी तेथील सरकारने ट्विटर बंद केले; त्यासाठी प्रथम योजलेला उपाय हाच, की देशातील मध्यस्थांनी त्याचा खरा पत्ता सांगू नये. लोकांनी मध्यस्थच बदलला. इस्तंबूलच्या भिंतींवर ८.८.८.८ हे आकडे रंगवलेले दिसू लागले. मग महिनाअखेर तेथील कंपन्या याच आकड्यांमागे आपला तोतया उभा करून उत्तरे देत असल्याचे गूगलने जाहीर केले. २ एप्रिलला तेथील घटनात्मक न्यायालयाने ही बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करणारी ठरविली आणि दुसऱ्या दिवशी ती उठली.

यातून धडा निघाला तो असा, की नुसता मध्यस्थ बदलून भागत नाही. प्रश्न उघड्या पोस्टकार्डावर जात असेल तर वाटेत कोणीही तो वाचील, उत्तरही बदलील. म्हणून प्रश्न बंद लिफाफ्यात पाठविण्याच्या पद्धती निघाल्या. त्यांपैकी एकीचे प्रमाण-टिपण ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. दरम्यान २०१७ साली घातक ठिकाणांचा पत्ताच न देणारी क्वाड-नाइन ही ना-नफा तत्त्वावरील सेवा निघाली (९.९.९.९), आणि १ एप्रिल २०१८ रोजी वेग व गुप्तता यांची ग्वाही देणारी क्लाउडफ्लेअरची (१.१.१.१).

तेव्हा घरच्या यंत्रात चार आकडे बदलावेत काय? अवश्य बदलून पाहावेत. त्याला पैसा पडत नाही. पण अपेक्षा माफक ठेवावी. पत्ता लवकर मिळाला म्हणून रस्ता रुंद होत नाही. मोठा चित्रपट उतरण्यास लागावयाचा तेवढा वेळ लागेलच. दूरच्या मध्यस्थापेक्षा जवळचा कधी अधिक चपळही ठरतो. आणि लिफाफा बंद केला तरी तो उघडणारा कोणी असतोच. १९८३ च्या रचनेने जे दप्तर अनेकांत वाटून दिले, त्याची चौकशी आज जगातील असंख्य लोक पुन्हा मोजक्या कंपन्यांकडेच करू लागले आहेत. म्हणून मध्यस्थ बदलताना तो नोंदी किती दिवस ठेवतो, त्याचा खर्च कोण भागवतो आणि तो कोणत्या देशाच्या कायद्याखाली येतो, हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. वाटाड्या निवडण्याचा हक्क आपल्या हाती आहे. तो डोळसपणे वापरणे हे नागरिकाचे काम आहे.