नाम चळवळ

बुर्किना फासोच्या (१९८४ पर्यंतचे अपर व्होल्टा) उत्तरेकडील यातेंगा भागातील ग्रामविकास चळवळ. १९६७ मध्ये बर्नार लेदेआ वेद्राओगो यांनी ती सुरू केली. मोसी समाजात ‘कोंबी-नाम’ हे तरुणांचे पारंपरिक गट शेतीच्या हंगामात एकत्र राबत. बाहेरून नवी समिती लादण्याऐवजी वेद्राओगो यांनी याच गटांकडे विहिरी, बंधारे व धान्यकोठारांची कामे सोपवली.

येथे पाऊस जेमतेम तीन-चार महिने पडतो. एरवी तरुण मजुरीसाठी आयव्हरी कोस्ट गाठत. तो कोरडा काळ गावातच सत्कारणी लागावा म्हणून १९७६ मध्ये वेद्राओगो यांनी बर्नार लकोंत यांच्यासह ‘सिक्स-एस’ संस्था स्थापन केली. देणगीदारांचा पैसा आधीच आखलेल्या प्रकल्पांना जखडून न ठेवता ती गटांना देई आणि खर्च कशावर करायचा हे गट ठरवत. मदत देणाऱ्यांनी गावकऱ्यांवर टाकलेला असा विश्वास त्या काळी दुर्मीळ होता, म्हणूनच या चळवळीचे मोल मोठे.

ऑक्सफॅम या मदतसंस्थेच्या प्रकल्पातून यातेंगात रुजलेली समपातळीवरील दगडी बांधांची पद्धत नाम गटांनीही उचलली. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी मोजता येत असल्याने निरक्षर शेतकरीही बांध आखू शकत. या बांधांमुळे पाणी अडून जमिनीत मुरते व माती टिकते. चळवळीतील कामासाठी वेद्राओगो यांना १९९० मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला.