एका घरातल्या दोन संगणकांचा अबोला

१/६ एका घरात विंडोज एक्सपीचा जुना संगणक आणि विंडोज १० चा लॅपटॉप. राउटर एकच, तरी एकमेकांचे फोल्डर उघडत नाहीत. या अबोल्याला इतिहास आहे.

२/६ १९८० च्या दशकात आयबीएममध्ये ‘एसएमबी’ हा प्रोटोकॉल जन्मला : एका संगणकाने दुसऱ्याकडे फाइली कशा मागाव्यात, याचे नियम. १९९२ च्या ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’मुळे स्वतंत्र सर्व्हरवाचूनही संगणक परस्परांशी जोडता येऊ लागले.

३/६ एसएमबीच्या आवृत्त्यांना तंत्रज्ञ ‘बोली’ म्हणतात. जोडणीच्या वेळी एक संगणक आपल्याला येणाऱ्या बोलींची यादी पाठवतो, दुसरा त्यांतली एक निवडतो. विस्टाबरोबर दुसरी आवृत्ती आली. एक्सपीला मात्र पहिलीच येत होती. जुन्यांशी संवाद तुटू नये म्हणून नव्या विंडोजनेही पहिली जपली.

४/६ १२ मे २०१७. या पहिल्या आवृत्तीच्या हाताळणीतील दोषातून ‘वॉनाक्राय’ शिरला आणि सुमारे १५० देशांत पसरला. ब्रिटनमध्ये रुग्णांच्या शस्त्रक्रिया रद्द झाल्या. दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध होती. असंख्य संगणकांवर ती पोहोचलीच नव्हती.

५/६ पहिली आवृत्ती वापरू नका, असे मायक्रोसॉफ्टचे अभियंते २०१६ पासूनच बजावत होते. ऑक्टोबर २०१७ पासून विंडोज १० मधून ती वगळली जाऊ लागली.

६/६ म्हणजे हा अबोला बिघाड नव्हे, जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय आहे. ती बोली सेटिंगमधून पुन्हा सुरू करता येते; पण घरच्या जुन्या छायाचित्रांसाठी पेनड्राइव्ह अधिक शहाणपणाचा.