ट्रीसेटच्या पोटातलं लाल-काळं झाड

जावामध्ये कायम क्रमाने राहणारा, एकही नोंद दुबार नसलेला संच हवा असेल तर आपण सवयीने ट्रीसेट लिहितो आणि पुढे जातो. पण मंडळी, त्या एका शब्दामागे छत्तीस वर्षांची खटपट आहे.

साध्या बायनरी ट्रीमध्ये आधीच क्रमाने असलेले आकडे टाकत गेलं की झाड राहतच नाही, एका बाजूला लोंबणारी साखळी होते. १० लाख नोंदी असतील तर शेवटची शोधायला १० लाख तुलना! १९६२ मध्ये सोव्हिएत संघातल्या अडेल्सन-वेल्स्की आणि लांडिस यांनी स्वतःचा तोल स्वतः सावरणारं झाड मांडलं. तेच काम तिसाच्या आत आलं. मात्र त्याची शिस्त फार कडक. १९७२ मध्ये रुडॉल्फ बायर यांनी ती जरा सैल केली आणि १९७८ मध्ये गिबास व सेजविक यांनी त्या रचनेला लाल-काळे रंग दिले. लालच का? सेजविक सांगतात, झेरॉक्स पार्कच्या प्रिंटरवर लाल रंग सगळ्यात झकास यायचा. गिबास म्हणतात, हाताशी लाल-काळी पेनं होती. असो.

डिसेंबर १९९८ मध्ये जावा १.२ आलं, त्यासोबत जोशुआ ब्लॉक यांचं कलेक्शन्स फ्रेमवर्क आणि त्यात हेच झाड पोटात घेतलेला ट्रीसेट. (डॉटनेटवाल्यांना सॉर्टेडसेटसाठी २०१० उजाडावं लागलं, बरं का!) अनेक थ्रेड्स एकाच वेळी हात घालणार असतील तर २००६ च्या जावा ६ पासून कॉन्करंटस्किपलिस्टसेट आहे.

आता खरी मेख. ट्रीसेट 'सारखं' कशाला म्हणतो? तो इक्वल्सला विचारतच नाही, फक्त तुलना करतो. बिगडेसिमलचे १.० आणि १.०० हॅशसेटमध्ये दोन राहतात, ट्रीसेटमध्ये एकच. पगारानुसार लावलेल्या संचात सारख्या पगाराचे दोन कर्मचारी टाकून बघा. दुसरा गुपचूप गायब! एक्सेप्शन नाही, काही नाही. ॲड फक्त 'फॉल्स' म्हणतं आणि ते कोण तपासतं? म्हणून तुलनेत पगारानंतर कर्मचारी क्रमांक घालायचाच.

आणि यादी एकदाच भरून एकदाच छापायची असेल, दुबार नोंदींची भीती नसेल, तर माझ्या मते हे झाड लावूच नये. ॲरेलिस्ट भरा, शेवटी एकदा सॉर्ट करा, झालं.