आडवाटेने शिकणारा मेंदू

मेंदूत गोळी घुसूनही माणूस जगला, असं पहिल्या महायुद्धाआधी क्वचितच घडायचं. त्या युद्धात मात्र असे हजारो तरुण वाचले. वेगाने येणारी छोटी गोळी कवटीला बारीकसं भोक पाडून जायची, शस्त्रक्रियाही सुधारल्या होत्या. जखम भरली की सैनिक धडधाकट दिसायचा. वाचता येईना, माणसांची नावं आठवेनात, हे पुढे हळूहळू लक्षात यायचं. जर्मनीत प्रश्न रोकडा होता: यांना कामाला लावायचं, की जन्मभर पेन्शन द्यायची?

त्या निकडीतून मेंदूच्या पुनर्वसनाचा पेशा उभा राहिला. कोलोनमध्ये वाल्टर पॉपेलरॉयटर हा डॉक्टर जखमींना कोणतं काम झेपेल हे चाचण्या घेऊन ठरवू लागला. फ्रँकफर्टमध्ये मेंदूविकारतज्ज्ञ कुर्ट गोल्डस्टाइनने १९१६ साली एक संस्था काढली. तिच्यात उपचारांच्या जोडीला प्रयोगशाळा होती, शाळा होती, कामाच्या कार्यशाळाही होत्या. तिथला श्नायडर नावाचा रुग्ण पुढे पाठ्यपुस्तकांत गेला. तो बोटाच्या आणि मानेच्या बारीक हालचालींनी अक्षर गिरवून वाचायचा. मान धरून ठेवली की वाचन बंद. हे सगळं कितपत खरं, यावर नंतर बराच वाद झाला. पण डोळ्यांनी जमत नसेल तर स्नायूंकडून काम करून घेता येईल, ही कल्पना टिकली. गोल्डस्टाइन स्वतः मात्र जर्मनीत टिकला नाही. तो ज्यू होता. १९३३ साली नाझींनी त्याला अटक केली आणि सुटल्यावर त्याला देश सोडावा लागला.

या विचाराला शास्त्राची बैठक दिली ती सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्सांदर लुरियाने. सहकारी मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्कीबरोबर काम करताना त्याने पार्किन्सनचे रुग्ण पाहिले होते. सपाट जमिनीवर त्यांचं पाऊल उचलत नसे, पण जमिनीवर कागदाचे तुकडे अंतराअंतराने मांडले की ते एकेक तुकडा ओलांडत चालू लागत. चालण्याची क्षमता गेली नव्हती. तिला दुसरीकडून चालना हवी होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ नंतर, उरल पर्वताच्या दक्षिण भागात, किसेगाचच्या एका आरोग्यधामात लुरियाने मेंदूच्या जखमींसाठी रुग्णालय उभारलं. तिथे हाच विचार त्याने शेकडो सैनिकांवर आजमावला.

लुरियाच्या रुग्णांपैकी लेव झासेत्स्कीची हकीकत विलक्षण आहे. हा तेवीस वर्षांचा तंत्रशाखेचा विद्यार्थी मार्च १९४३ मध्ये स्मोलेन्स्कच्या आघाडीवर जखमी झाला. गोळी डोक्याच्या डाव्या बाजूला, मागच्या भागात लागली. उजवीकडचं जग दिसेना. ‘वडिलांचा भाऊ’ आणि ‘भावाचे वडील’ यांतला फरक उलगडेना. हत्ती मोठा की माशी, यावरही तो अडायचा. लिहायला बसला की एकेक अक्षराचा आकार आठवताना थकून जायचा. एके दिवशी डॉक्टरने सांगितलं, अक्षरांचा विचार करू नकोस, हात न उचलता अख्खा शब्द लिहून टाक. त्याने लिहिलं: ‘रक्त’. हाताला सवय होती, ती शाबूत होती. गंमत अशी, की लिहिलेलं त्याला स्वतःला वाचता येईना. तरी पुढची पंचवीस वर्षं तो लिहीत राहिला आणि तीन हजारांवर पानं झाली. कधी एका पानाला आठवडा-दोन आठवडे लागायचे. त्याच पानांवर लुरियाने १९७१ मध्ये पुस्तक केलं.

दुसऱ्या महायुद्धाच्याच काळात स्कॉटलंडमध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ऑलिव्हर झँगविल मेंदूच्या जखमींबरोबर काम करत होता. १९४७ च्या लेखात त्याने तीन मार्ग वेगळे केले: उणीव भरून काढणं, दुसरी क्षमता वापरणं आणि गेलेलीच क्षमता सरावाने परत आणणं. तिसऱ्याबद्दल तो फारसा आशावादी नव्हता, आणि आजही त्याचा सावधपणा रास्त वाटतो. त्याचं नाव दिलेलं केंद्र मानसशास्त्रज्ञ बार्बरा विल्सन यांनी १९९६ मध्ये इंग्लंडच्या ईली शहरात सुरू केलं. तोवर रुग्ण बदलले होते. सैनिकांच्या जागी अपघातात डोकं फुटलेली मुलं, पक्षाघात झालेले आजोबा आले. स्मरणशक्ती गेलेल्यांना विल्सन यांनी साधा पेजर वापरायला दिला. त्यावर वेळेवर आठवण यायची: औषध घे, दार लाव. आणखी एक शोध उपयोगी ठरला. अशा माणसाला शिकवताना त्याला चुकूच द्यायचं नाही, कारण चूक मनात मुरते आणि ती चूक होती हे मात्र आठवत नाही.

भारतात या कामाचं मोठं केंद्र म्हणजे बेंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची राष्ट्रीय संस्था. तिथल्या शोभिनी राव आणि सहकाऱ्यांनी भारतीयांसाठी प्रमाणित केलेला चाचण्यांचा संच २००४ मध्ये प्रसिद्ध केला. लक्ष टिकवण्याच्या सरावासाठी तिथे कागदावरची अक्षरं खोडायला देतात, आकृत्या रंगवायला देतात आणि मिसळलेली धान्यंही निवडायला बसवतात. हा सराव घरी करायलाही महागडं यंत्र लागत नाही.